काच नको म्हटलं होतं

काच वर उचलली तेव्हा येशूचा चेहरा काचेबरोबर वर आला. कपाळ, नाक, एक आख्खा डोळा आणि दाढीचा वरचा भाग. खाली लाकडाच्या पाटीवर आवळ्याएवढा पांढरा डाग राहिला. बाकीचं चित्र जागच्या जागी होतं. बारा शिष्य, पितळी घंगाळ, कमरेला गुंडाळलेला पंचा. फक्त ज्याच्या कमरेला पंचा होता त्याला तोंड नव्हतं.

माझी सून सुनीता गल्ल्यावर बसली होती. तिने मान वर केली.

"आई, ये क्या हो गया?"

"दिसतंय ना तुला?"

"सोमवारी सिस्टर येणार आहेत न्यायला."

"तेही मला माहीत आहे."

तो शनिवार होता. येत्या गुरुवारी ते चित्र डोईफोडिया गावाच्या पुढे एक मिशन आहे, तिथल्या प्रार्थनाघरात लागायचं होतं. ज्यांनी काढलं त्या सिस्टर एल्सी. वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि दोन्ही हात थरथरणारे. हे माझं शेवटचं चित्र, यापुढे हात चालणार नाही, असं त्यांनी देतानाच सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट सांगितली होती. काच नको.

मी काच लावली होती.

बुऱ्हाणपूरच्या लालबागेत आमचं फोटो मढवायचं दुकान आहे. नवरा गेला तेव्हा मला काच कापता येत नव्हती. महिन्याभरात यायला लागली, कारण दुसरं काहीच येत नव्हतं. शाळा चौथीपर्यंत. आता सून सगळं बघते, मी कोपऱ्यात बसून चुका काढते.

मढवणं म्हणजे चार पट्ट्या ठोकणं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पट्टीची टोकं बरोब्बर तिरकी कापावी लागतात. नाहीतर कोपऱ्यात फट राहते आणि फटीतून झुरळ आत जातं. देवाच्या तसबिरीतून मेलेली झुरळं मी इतकी काढली आहेत की त्याचं आता काही वाटत नाही. काच हिऱ्याच्या कलमाने कापायची, एकाच ओढीत. मनात शंका आली आणि दुसऱ्यांदा कलम फिरवलं की काच नको तिथे तडकते. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे चित्र काचेला टेकू द्यायचं नाही. मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायची, तेवढी हवा राहते. टेकलं की दमट हवेत नाहीतर उन्हाच्या तडाख्यात चित्र काचेला धरतं. असे वाया गेलेले लग्नाचे फोटो घेऊन लोक माझ्याकडे येत, आणि मी ज्याने मढवले त्याच्या नावाने बोटं मोडत असे.

म्हणजे नियम मला पाठ होता. तरी मी तो मोडला, तो असा.

सिस्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा पाटी सुती कापडात गुंडाळून आणली होती. दीड फुटाची, जाड लाकडाची. अशा चित्राला ते लोक आयकॉन म्हणतात. येशू गुडघ्यावर बसून आपल्या शिष्याचे पाय धुतोय, असं ते चित्र होतं. आमच्याकडे शिष्य गुरूचे पाय धुतो. मी म्हटलं, हे उलटं आहे. सिस्टर म्हणाल्या, "हां, उलटंच आहे. त्याच्यासाठीच काढलं."

मग मला दुसरी गोष्ट दिसली. शिष्य ज्या चौरंगावर बसला होता त्याची मागची कड पुढच्या कडेपेक्षा रुंद होती. माझा जन्म चौकोन मोजण्यात गेला. मी बोट ठेवून म्हटलं, "सिस्टर, चौरंग चुकलाय."

सिस्टर केरळच्या. मिशनवर तीस वर्षं काढलेली, हिंदी पक्की, मराठी तोडकी. म्हणाल्या, "चूक नाही, सुमनबाई. रेषा आपल्याकडे येतात. चित्र मोठं, बघणारा छोटा."

"म्हणजे बघणाऱ्याने लहान व्हायचं?"

"हां, वही."

"मग कोणी विकत घेणार नाही."

"बेचने का है भी नहीं."

मी उलटून पाटीची मागची बाजू बघितली. कुठे सही नाही. पुढे नाही, मागे नाही. विचारलं तर म्हणाल्या, आयकॉनवर काढणाऱ्याचं नाव घालत नाहीत.

हे ऐकून मला आमचं एक गिऱ्हाईक आठवलं. त्याने मोहल्ल्यातल्या देवळाला मारुतीची मोठी तसबीर दिली होती आणि खाली आपल्या नावाची पितळी पट्टी लावायला सांगितली होती. पट्टी केली. आला, बघितली, म्हणाला अक्षर बारीक आहे. पुन्हा केली. म्हणाला, वडिलांचं नाव राहिलं. तिसऱ्यांदा पट्टी इतकी रुंद झाली की मारुतीचे पाय घोट्यापर्यंत झाकले गेले. मी म्हटलं, भाऊ, आता मारुती कमी आणि तुम्ही जास्त दिसताय. म्हणाला, "काकू, दान तर मीच केलं ना." तशीच गेली ती तसबीर. निंबोल्याचे एक केळीवाले आजोबा त्याच्याही पुढचे. जिवंतपणी स्वतःचा फोटो मढवून घेतला, वर हाराचा खिळासुद्धा मारून घेतला. "पोरं मागाहून कोणता फोटो लावतील भरोसा नाही. एका फोटोत माझे कान फार मोठे आलेत." कान लहान आलेला फोटो घेऊन खुशीत गेले.

दुसऱ्यांना हसायला मी पुढे. पण माझ्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमच्या पाठीवर माझ्या नावाचं लेबल असायचं, आणि ते सरळ बसलं नाही तर मी सुनेला पुन्हा चिकटवायला लावायची.

सिस्टरांनी तीन वेळा सांगितलं. साधी लाकडाची चौकट, काच नको, वरचं अळशीचं तेल अजून ओलं आहे, सुकायला महिने लागतात. मी हो हो म्हटलं. त्या गेल्यावर विचार केला, या बाईला चित्रातलं कळतं, फ्रेममधलं काय कळतं. बुऱ्हाणपुरात कापडाच्या लूममधला कापूस हवेत उडतो, चार दिवसांत चित्रावर थर चढेल. शिवाय बिनकाचेची फ्रेम माझ्या दुकानातून गेली तर लोक काय म्हणतील. काच कापली. पुठ्ठ्याची चौकट ठेवून बघितली, तर चित्राच्या अगदी खालच्या कडेला असलेले पाय आणि घंगाळ झाकलं जाऊ लागलं. पाय धुण्याच्या चित्रात पायच झाकायचे, हे काही बरं दिसेना. म्हणून पुठ्ठा काढून टाकला आणि काच थेट टेकवली. घट्ट बसवली. पाठीमागे लेबल लावलं, सरळ.

एप्रिलचे दिवस, वर पत्र्याचं छप्पर. आठव्या दिवशी कपाळाजवळ काचेवर तेलकट डाग दिसला. पुसायला म्हणून फ्रेम उघडली. पुढचं वर सांगितलं आहे.

सुनीताच म्हणाली, "फकीरा पेंटरला बोलवू. एक चेहराच तर आहे. सिस्टरांना दिसतं तरी किती."

मी नाही म्हटलं नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. मीच तिला पाठवलं.

फकीरा आमच्या गल्लीतला. ट्रकच्या मागचे मोर, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीतले चेहरे, सगळं काढायचा. माझ्या नवऱ्याचा दोस्त, म्हणून मला वहिनी म्हणायचा. त्याने पाटी हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, "तासाभराचं काम आहे, वहिनी. एनॅमल मारतो, शंभर वर्षं हलणार नाही."

"आधी कागदावर काढून दाखव."

त्याने दाखवला. गोरा चेहरा, गालावर लाली, ओठांवर हसू. केसांना कंगवा केलेला.

"हा कोणाचा नवरदेव आहे?" मी विचारलं.

"देव जरा हसरा पाहिजे ना. त्यांचा बघा कसा सुतकी होता."

"पाय धुताना कोण हसतं रे?"

"बरं, हसू कमी करतो. और सही? सही किधर करूं? छोटीशी करतो, इथे घंगाळावर."

तोपर्यंत मी खरंच विचार करत होते. सही म्हटल्यावर मी पाटी त्याच्या हातातून काढून घेतली. धर्माचा काही प्रश्न नव्हता. ज्या बाईने चाळीस चित्रं काढून एकावर नाव घातलं नाही, तिच्या शेवटच्या चित्रावर फकीराची सही लागणार होती आणि मागे माझं लेबल. ते मला बरं वाटलं नाही. फकीराला चहा पाजला आणि परत पाठवला. तो रागावला. आठवडाभर बोलला नाही.

रविवारी सकाळी बसने निघाले. पाटी मांडीवर, काच वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी, पिशवीत फ्रेम, हातोडी, पक्कड आणि बारीक करवत. हत्यारं का घेतली, सांगता येणार नाही. हत्यारांशिवाय मी सहसा कुठे जात नाही.

मिशनवर त्या दिवशी त्यांचा काही सण होता, लोक हातात शिंदीच्या फांद्या घेऊन परतत होते. सिस्टर ओसरीत बसल्या होत्या. मी पाटी समोर ठेवली आणि कापड काढलं. शेजारी काच ठेवली.

मला वाटलं होतं, साध्वी बाई आहे, "जाऊ दे" म्हणेल. त्यांनी टेबलावर हात आपटला.

"मैंने बोला था! तीन बार बोला था!"

"हो."

"तो क्यों लगाया?"

"मला वाटलं मला जास्त कळतं."

त्या उठून गेल्या. मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडांना पाणी घालत बसल्या. पाइप हातात हलत होता, पाणी झाडापेक्षा भिंतीवर जास्त पडत होतं. अर्धा तास मी त्या बिनचेहऱ्याच्या चित्रासमोर एकटी बसले. परतीची बस दोनला होती, ती गेली.

परत आल्या तेव्हा आवाज खाली आला होता. म्हणाल्या, "फ्रेम कोणी मागितली?"

"तुम्ही."

"आयकॉनला फ्रेम लागत नाही. आजवर एकालाही लावली नाही. मला वाटलं, शेवटचं आहे, चेहरा चांगला जमलाय. लोगों को मालूम पडे, सिस्टर एल्सी ने बनाया." मग पुन्हा म्हणाल्या, "फ्रेम लागतच नाही."

"म्हणजे तुम्ही फ्रेम मागितली आणि मी काच घातली. दोघींनी मिळून चेहरा काढला म्हणायचा."

त्या हसल्या नाहीत. मीही हसवायला म्हटलं नव्हतं.

त्यांनी पाटी उजेडात धरली. पांढऱ्या डागात सुईने कोरलेल्या बारीक रेषा तशाच होत्या. रंग लावण्याआधी खडूच्या थरावर आकृती कोरतात, ती रंगाबरोबर उचलली गेली नव्हती. म्हणाल्या, "रास्ता तो है." मग आपले हात बघितले. उजवा हात टेबलावर ठेवला तरी बोटं हलत होती.

हा विषय मला कळत होता. काच कापणाऱ्याचा हात हलला तर मनगटाखाली आधार देतात. मी फ्रेम खाली ठेवली, कोपरे ठोकून चारही पट्ट्या सुट्या केल्या. दोन तुकडे कापून पाय केले, एक लांब पट्टी आडवी बसवली. चित्रावरून जाणारा लाकडी पूल झाला. चित्राला टेकत नव्हता. मनगट त्यावर ठेवायचं, बोटं खाली सोडायची. सिस्टरांनी ठेवून बघितलं. थरथर थांबली नाही, पण अर्ध्याने कमी झाली.

"सरकतोय," म्हणाल्या.

"मी धरते."

म्हणून मी राहिले. सुनीताला फोन केला. ती म्हणाली, "आई, मिशनवर राहणार? खाणार काय तिथे?" मी म्हटलं, भात सगळीकडे मिळतो.

सोमवारी रंग करायला बसलो. रंग म्हणजे मातीची आणि दगडाची पूड, अंड्याच्या बलकात कालवलेली. आमच्या घरात अंडं येत नाही. बलक तळहातावर घेऊन त्याचा पापुद्रा चिमटीत धरायचा आणि आतला रस वाटीत सोडायचा असतो. सिस्टरांच्या हातून दोन अंडी खाली पडली. तिसरं मी घेतलं. पदर नाकाला लावला आणि बलक या तळहातावरून त्या तळहातावर केला, जसं त्या सांगत होत्या तसं. वास तीन वेळा साबण लावूनही गेला नाही. कोणी विचारलं नाही, म्हणून सोयऱ्यांत मी हे आजवर सांगितलं नव्हतं.

पूल धरून बसल्यावर करायला दुसरं काही नसतं, म्हणून बघत राहिले. आधी आख्खा चेहरा काळपट हिरव्या मातीच्या रंगाने भरतात. बघवत नाही. मग त्यावर पिवळसर रंगाचा पातळ हात, थोड्या कमी जागेवर. मग आणखी उजळ, आणखी कमी जागेवर. शेवटचे पांढरे फराटे तर तांदळाच्या कणीएवढे. काळोखातून सुरू करून उजेडाकडे जायचं, उलटं करायचं नाही. आणि मनाने काही घालायचं नाही. आधीच्यांनी जसं काढलं तसंच काढायचं. मी म्हटलं, मग यात तुमचं काय? सिस्टर म्हणाल्या, "कुछ नहीं. वही तो सीखना पडता है. साठ वर्षं झाली, अजून पूर्ण आलं नाही. फ्रेम मांगी न मैंने."

मी विचारलं, "तोंड इतकं बारीक का? आणि कान उघडे?"

"कम बोलना, ज्यादा सुनना."

"मग हे चित्र माझ्या सुनेला दाखवायला पाहिजे."

"नहीं, सुमनबाई. आपको."

येशूसमोर बसलेल्या शिष्याने एक हात डोक्याला लावलेला होता. मला वाटलं डोकं दुखतंय. सिस्टरांनी गोष्ट सांगितली. तो आधी पाय धुऊ देईना. तुम्ही माझे पाय धुणार? कधीच नाही. येशू म्हणाला, मग तुझं माझं नातं नाही. तर लगेच म्हणाला, असं असेल तर डोकंही धुवा. मला तो माणूस ओळखीचा वाटला. सेवा करून घ्यायलाही काही लोकांना अपमान वाटतो. नवऱ्याच्या आजारपणात माझी जाऊ मदतीला आली होती, तेव्हा मी तिला ताटसुद्धा उचलू दिलं नव्हतं.

बुधवारी दुपारी चेहरा पूर्ण झाला. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित खाली उतरला होता.

सिस्टर बराच वेळ बघत राहिल्या. "ठीक नहीं हुआ."

"नाही," मी म्हटलं. "पहिला चांगला होता."

त्यांनी मान हलवली आणि ब्रश धुवायला टाकला. दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. मी पाटी उलटी केली, ओल्या फडक्याने माझं लेबल भिजवलं आणि नखाने काढलं. गोंदाचा चौकोनी डाग राहिला. तो निघाला नाही.

गुरुवारी संध्याकाळी चित्र लागलं. फ्रेम नाही, काच नाही, दोन खिळ्यांवर. उंची मात्र मी मोजून दिली. बाकावर गावातली बारा माणसं बसवली होती आणि फादर एकेकाचे पाय धुवत होते. बहुतेक केळीच्या बागेत राबणारी. केळीच्या चिकाचे काळे डाग पायांवर होते, ते कशानेच जात नाहीत. एका म्हाताऱ्याने पाय बाकाखाली ओढून घेतले. "नको फादर, मी घरून धुऊनच आलोय." लोक हसले. फादर वाकून वाट बघत राहिले. शेवटी त्याने एक पाय पुढे केला, मग दुसरा. मी मागे सतरंजीवर बसले होते. सिस्टर माझ्या शेजारी, हात मांडीखाली दाबून.

सगळं झाल्यावर लोक चित्राजवळ गेले. खाली उतरलेला डोळा कोणाला दिसला नाही, निदान कोणी बोललं नाही. चेहऱ्याकडे कोणी हातही नेला नाही. एकेक जण वाकून पाटीच्या अगदी खालच्या कडेला बोट लावत होता, जिथे घंगाळात ते पाय होते. मी तेवढाच भाग पुठ्ठ्याखाली झाकायला निघाले होते. पुठ्ठा नसता तरी बोटं काचेला लागली असती.

सिस्टरांनी विचारलं, "क्या देख रही हैं?"

"काही नाही," मी म्हटलं. काच नको म्हटल्याचं दुसरं कारण मला तेव्हा कळलं, पण ते बोलून दाखवण्याची गरज नव्हती. काच नको हे त्यांनी तीनदा सांगितलं होतंच.

मी त्यांच्या धर्माची नाही. त्या चित्रापासून भाविकांनी काय शिकावं, हे मला कोणी विचारलेलं नाही. मला फक्त धंद्यातलं सांगता येतं. त्यानंतर मी लेबल लावणं बंद केलं. सुनीता पुन्हा लावू लागली आहे, तिचं म्हणणं धंद्याला लागतं, आणि ते बरोबर आहे. गिऱ्हाइकाने काच नको म्हटलं तर मी का ते विचारते आणि उत्तर पूर्ण ऐकून घेते. स्वभाव बाकी आहे तसाच आहे, हे घरातलं कोणीही सांगेल.

सिस्टर गेल्यावर मिशनमधल्या बायकांनी तो लाकडी पूल मला पाठवून दिला. आता माझाही हात हलतो. काच कापायची असली की मनगट त्याच्यावर टेकवते.

फकीरा दोन वर्षांमागे गेला. सिस्टर त्या गुरुवारनंतर दीड वर्ष जगल्या. चित्र भिंतीवर आहे. मी आहे.